दवाखान्यातला धडा दुसऱ्या दवाखान्यात पोहोचतो का? रुग्णसुरक्षेच्या चांगल्या पद्धती आणि गावकऱ्यांनी काय पाहावे

नाकाडोंगरी (ता. तुमसर) : ९ जानेवारी २०२१ ची रात्र भंडारा जिल्हा विसरलेला नाही. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात १७ बाळे होती. ७ बाळांना बाहेर काढता आले, १० बाळे दगावली. काही बाळे भाजून गेली, तर बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला.

या कक्षाचे दोन भाग असतात. त्याच रुग्णालयात जन्मलेली बाळे एका भागात आणि बाहेरून, म्हणजे खेड्यापाड्यातून, आरोग्य केंद्रातून किंवा दुसऱ्या दवाखान्यातून आणलेली बाळे दुसऱ्या भागात ठेवतात. आग बाहेरून आणलेल्या बाळांच्या भागात लागली. नाकाडोंगरी, गोबरवाही, लेंडेझरी पट्ट्यातले कमी वजनाचे बाळ जिल्ह्याला पाठवले तर ते याच भागात जाते. म्हणून ‘भंडाऱ्यात काय सुधारले’ हा प्रश्न जंगलकाठच्या गावांचाही आहे.

त्या घटनेनंतर चौकशी झाली. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मर यंत्रातील बिघाड आणि शॉर्टसर्किट हे कारण पुढे आले. अधिकारी-कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, गुन्हाही दाखल झाला. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. पण एका ठिकाणी मिळालेला धडा दुसऱ्या ठिकाणी खरोखर पोहोचला का, हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. रुग्णसुरक्षेचे सगळे काम याच प्रश्नाभोवती फिरते.

रुग्णसुरक्षा म्हणजे नेमके काय?

आजार बरा करणे हे उपचाराचे काम. उपचार घेताना रुग्णाला नवीन इजा होऊ न देणे ही रुग्णसुरक्षा. चुकीचे इंजेक्शन, एकाचे औषध दुसऱ्याला, अस्वच्छ हातांमुळे झालेला जंतुसंसर्ग, प्रसूतीनंतर लक्षात न आलेला रक्तस्राव, रेफर करताना हरवलेली चिठ्ठी, पलंगावरून पडणे, आग, ऑक्सिजन संपणे हे सगळे त्यात येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेणाऱ्या साधारण दर १० रुग्णांपैकी एकाला उपचारादरम्यान काही ना काही इजा होते, आणि त्यातील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्यासारख्या असतात. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. भारतानेही रुग्णसुरक्षेसाठी २०१८ ते २०२५ या काळाचा राष्ट्रीय आराखडा केला होता.

अशा बहुतेक चुका कोणी मुद्दाम करत नाही. दोन बाटल्या सारख्या दिसतात, रात्रपाळीला माणसे कमी असतात, एक सॉकेट तीन यंत्रांना पुरवले जाते, निरोप अर्धवट दिला जातो. माणूस बदलला तरी ही परिस्थिती तशीच राहिली, तर नव्या माणसाच्या हातूनही तीच चूक होते.

धडा पोहोचला नाही तर काय होते?

भंडाऱ्यानंतरच्या दहा महिन्यांत महाराष्ट्रात काय घडले ते पाहा.

२३ एप्रिल २०२१ रोजी पालघर जिल्ह्यातील विरारच्या खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून १५ कोरोना रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात पुन्हा अतिदक्षता विभागच पेटला. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. पुढे १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशात झाशीच्या मेडिकल कॉलेजमध्ये नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि त्या रात्री १० बाळे गेली. भंडाऱ्याचीच गोष्ट पावणेचार वर्षांनी दुसऱ्या राज्यात घडली.

अतिदक्षता विभागात आग पटकन का पसरते, हेही समजून घेतले पाहिजे. तिथली यंत्रे रात्रंदिवस सुरू असतात, त्यामुळे तारांवर सतत ताण असतो. हवेत ऑक्सिजन जास्त असतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण लागलेली आग भडकवतो. एसीमुळे खिडक्या बंद असतात, त्यामुळे धूर आतच कोंडतो. प्लास्टिक, गाद्या, नळ्या यांचा धूर विषारी असतो. आणि रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही. म्हणून आग विझवण्याइतकेच धूर लगेच कळणे आणि रुग्ण उचलून बाहेर नेणे महत्त्वाचे ठरते.

यावरच्या चांगल्या पद्धती महागड्या नाहीत. प्रत्येक वॉर्मरला स्वतःचे सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड बंद. कक्षात चोवीस तास कोणीतरी हजर. धुराची सूचना देणारी घंटा. दोन दरवाजे, दोन्ही बिनकुलुपाचे. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे प्रत्येक सिस्टरला माहीत. आणि आग लागलीच तर कोणते बाळ कोणी उचलायचे याची रंगीत तालीम.

कायद्यातही सोय आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र इमारतधारकाने परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यात, सादर करायचे असते. त्याला ‘नमुना ब’ म्हणतात. आपल्या भागातल्या रुग्णालयाचा ‘नमुना ब’ सादर झाला का, हे माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतो.

यवतमाळची बाटली

भंडाऱ्याच्या आगीनंतर तीन आठवड्यांनी, ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओचा दिवस होता. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, भांबोरा आरोग्य केंद्राच्या हद्दीतील कापसी-कोपरी गावात ५ वर्षांखालील १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना उलट्या, मळमळ सुरू झाली. त्यांना यवतमाळच्या रुग्णालयात हलवावे लागले. सुदैवाने सगळी मुले वाचली. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली.

कोरोनाच्या काळात पोलिओ बूथच्या टेबलावर सॅनिटायझर ही नवीन वस्तू आली होती. जुन्या टेबलावर नवीन बाटली आली, पण ती ठेवायची कुठे याचा नियम हाताशी नव्हता. अशा चुकांवरचा उपाय साधा आहे. तोंडात द्यायच्या औषधाच्या टेबलावर दुसरी कोणतीही बाटली नको. बाटली उचलताना आणि देताना लेबल मोठ्याने वाचायचे. दुसऱ्या व्यक्तीने ते ऐकायचे.

इथे पालकांनाही एक गोष्ट पाहता येते. पोलिओ लसीच्या कुपीवर एक छोटा गोल आणि त्यात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतकाच गडद किंवा त्याहून गडद झाला असेल, तर लसीला उष्णता लागली आहे, ती वापरायची नाही. ही खूण अक्षर न येणाऱ्यालाही वाचता येते. ‘ताई, कुपी दाखवा’ असे म्हणण्यात काही गैर नाही. इंजेक्शनची लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे, हाही सुरक्षेचाच नियम आहे.

धडा पोहोचला तर काय होते? गडचिरोलीचा अनुभव

चांगली पद्धत पसरली तर किती जीव वाचतात, याचे मोठे उदाहरण विदर्भातच आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून नवजात बाळांवर काम सुरू केले. त्या वेळी बाळंतपण बहुधा घरीच व्हायचे आणि दवाखाना लांब होता. संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना प्रशिक्षण दिले. त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास सुरू करून देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि वेळेत इंजेक्शन देणे हे त्या शिकल्या. प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली गेली. शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांशी तुलनाही केली गेली.

सुरुवातीला या गावांत जन्मलेल्या दर १,००० बाळांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यात दगावत. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या जागतिक वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केली.

आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येते, वजन काटा काढते, थर्मामीटर लावते, ते गडचिरोलीतून आलेले काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा ६ भेटी ठरलेल्या आहेत. घरी बाळंतपण झाले तर पहिल्या दिवसाची एक भेट जास्त.

या भेटींत बाळाचे धोके ओळखले जातात. घरच्यांनीही ते लक्षात ठेवावेत :

– बाळ दूध ओढत नाही किंवा ओढणे कमी झाले.
– अंग गार पडले किंवा तापले.
– श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, छाती आत खोल ओढली जाते.
– बाळ सुस्त, रडणे क्षीण किंवा थांबलेले.
– झटके येतात.
– नाळेतून पू येतो, अंग पिवळे पडत तळपायापर्यंत गेले.

यातले एक जरी दिसले तरी सकाळची वाट न पाहता बाळाला दवाखान्यात न्यायचे. नेताना बाळ आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घ्यायचे. वाटेत बाळ गार पडणे हाच मोठा धोका असतो.

चांगली पद्धत नेहमी मोठ्या शहरातूनच येते असे नाही, हेही यातून दिसते. कोकणात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन माणसे जात होती. त्यावर रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवले आणि १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. आधी गंभीर रुग्णांपैकी चौथा हिस्सा दगावत असे, तो आकडा पुढे शंभरात एकाच्या आसपास आला. एका आरोग्य केंद्रातली नोंदवही जगातल्या डॉक्टरांच्या कामी आली.

नुसती यादी चिकटवून भागत नाही

रुग्णसुरक्षेत ‘चेकलिस्ट’ म्हणजे तपासयादीला फार महत्त्व आहे. विमान उडण्याआधी पायलट यादी वाचतो, तसेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी असे तीनदा थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे. रुग्ण तोच ना? ऑपरेशन कोणत्या बाजूचे? ॲलर्जी आहे का? कापूस, सुया मोजल्या का? ही यादी ८ शहरांतल्या रुग्णालयांत तपासली गेली, त्यात दिल्लीही होती. तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

मग अशीच २९ मुद्द्यांची यादी बाळंतपणासाठी झाली. उत्तर प्रदेशात १२० सरकारी दवाखान्यांत तिची मोठी चाचणी झाली. दीड लाखाहून जास्त बाळंतपणे त्यात मोजली गेली. निम्म्या दवाखान्यांत यादीसोबत शिकवणारी माणसे वारंवार येत होती. दोन महिन्यांनी तिथे ७३ टक्के पद्धती पाळल्या जात होत्या, तर बाकीच्या दवाखान्यांत ४२ टक्के. शिकवणाऱ्यांच्या भेटी आठ महिन्यांनी थांबल्या, आणि वर्षाच्या शेवटी ७३ चे ६२ टक्के झाले. आई आणि बाळांच्या मृत्यूत मात्र दोन्हीकडे फारसा फरक पडला नाही. २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

यादीने हात धुणे, वेळेवर इंजेक्शन देणे वाढले. पण अडलेल्या बाईला पुढे नेणारी गाडी, रक्त, भूलतज्ज्ञ, बाळांचा डॉक्टर हे नसेल तर यादी एकटी पुरत नाही. दुसऱ्या गावची पद्धत आणताना तिच्यासोबत माणसे, औषधे आणि पुन्हा पुन्हा येऊन शिकवणेही आणावे लागते. भिंतीवर पोस्टर चिकटवणे सोपे असते, म्हणून अनेकदा तेवढेच होते.

साप चावला तर : २० मिनिटांची चाचणी

तुमसर तालुक्याच्या उत्तरेकडे जंगल आहे, धानाचे बांध आहेत. पावसाळ्यात साप निघतोच. इथेही एक स्वस्त आणि चांगली पद्धत आहे.

घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठत नाही. हे ओळखायला मोठी लॅब लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत साधारण २ मिली रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरपी करतात. रक्त पातळच राहिले तर विष रक्तात उतरले आहे आणि सर्पविषप्रतिबंधक लस सुरू करायची.

यात एक बारीक गोम आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर बिनविषारी सापाच्या रुग्णाचेही रक्त गोठत नाही आणि चाचणी खोटी ठरते. म्हणून नवीन काचेची नळीच हवी. ज्या दवाखान्याला ही गोष्ट माहीत असते तिथे योग्य रुग्णाला योग्य वेळी लस मिळते.

नाग आणि मण्यारचे विष वेगळे. त्यात श्वास बंद पडतो, आणि ही चाचणी तिथे उपयोगाची नाही. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते, जखम दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. असा रुग्ण दिसला की वेळ घालवू नये. त्याला नेताना फुगा दाबून श्वास देणारे कोणी सोबत असले पाहिजे.

लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लस लागते, कारण सापाने विष तेवढेच सोडलेले असते. घरी दोरी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, झाडपाला लावू नये. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करावा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्मे करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो यशस्वी होणार की नाही, हे जंगलकाठच्या आरोग्य केंद्रातच ठरेल.

रेफर करताना निरोप हरवतो

या पट्ट्यातल्या गंभीर रुग्णाचा प्रवास लांबचा असतो. गाव, आरोग्य केंद्र, तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय, आणि शेवटी नागपूरचे मेडिकल किंवा मेयो. काही जण सीमेपलीकडे कटंगी, बालाघाटलाही जातात. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर नवा, कागद नवा. आधी कोणते इंजेक्शन दिले, किती वाजता दिले हे पुढच्याला कळले नाही तर तेच औषध दुसऱ्यांदा दिले जाते किंवा द्यायचे राहून जाते.

चांगली पद्धत अशी : पाठवणाऱ्याने पुढच्या दवाखान्याला आधी फोन करायचा. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या. रुग्णाला काय झाले, काय दिले आणि किती वाजता, आता स्थिती कशी, पुढे काय लागणार.

घरच्यांच्या हातात मोबाईल असतोच. त्याचा असा उपयोग करता येतो :

– रेफर चिठ्ठी, तपासणीचे रिपोर्ट, औषधांची पाकिटे यांचे फोटो निघण्याआधीच काढून ठेवा. कागद भिजला, हरवला तरी फोटो राहतो.
– गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि हिमोग्लोबिनचे पान फोटोत ठेवा.
– बीपी, शुगर, सिकलसेल, फिट येण्याचा त्रास असेल तर रोजच्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या.
– पूर्वी एखाद्या औषधाचा त्रास झाला असेल तर डॉक्टर विचारण्याची वाट पाहू नका. ‘डॉक्टरसाहेब, हिला मागं इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या’ एवढे सांगितले तरी पुरते.
– बाहेरून गावठी औषध किंवा जडीबुटी दिली असेल तर तेही सांगा. लाजू नका, रागावतील म्हणून लपवू नका.

चूक सांगण्याची सोय हवी

ज्या दवाखान्यात चूक सांगणाऱ्यालाच शिक्षा होते तिथे पुढची चूक लपवली जाते. मग तोच प्रकार शेजारच्या दवाखान्यात होतो. म्हणून चांगल्या आरोग्य व्यवस्थेत दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. मुद्दाम केलेल्या हलगर्जीपणावर कारवाई, आणि नकळत झालेल्या चुकीची मोकळेपणाने चर्चा.

मातामृत्यूचा आढावा याच तत्त्वावर चालतो. बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत बाई दगावली तर आशाताई किंवा एएनएम ती खबर वर कळवते, घरी जाऊन विचारपूस होते आणि नंतर जिल्हा पातळीवर चर्चा होते. निर्णय घ्यायला उशीर झाला, गाडी मिळायला उशीर झाला, की दवाखान्यात पोहोचल्यावर उपचाराला उशीर झाला, असे तीन ‘उशीर’ शोधले जातात. दोष कोणाचा यापेक्षा पुढची बाई कशी वाचेल हे शोधणे हा त्याचा हेतू. केरळमध्ये प्रसूतितज्ज्ञांची संघटना २००४ पासून असा आढावा नावे गुप्त ठेवून घेते आणि त्यातले धडे इतर डॉक्टरांपर्यंत पोहोचवते.

म्हणून घरात असे दुःख झाले आणि विचारपूस करायला माणसे आली तर खरे आणि पूर्ण सांगावे. ती माहिती दुसऱ्या घरातली आई वाचवू शकते.

औषधाने त्रास झाला तर त्याचीही नोंद होते. त्यासाठी देशपातळीवर १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. रुग्ण स्वतःही तिथे कळवू शकतो.

चांगला दवाखाना ओळखायचा कसा?

सरकारी दवाखान्यांसाठी तीन योजना लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छता आणि जंतुसंसर्ग रोखण्याचे गुण मिळतात. यात एका दवाखान्याची माणसे दुसऱ्या दवाखान्याची तपासणी करतात. तपासायला गेलेली सिस्टर तिथली चांगली गोष्ट पाहून येते आणि आपल्याकडे करते. हीच खरी देवाणघेवाण. २०१७ पासून ‘लक्ष्य’ योजना बाळंतपणाच्या खोलीसाठी आहे. आणि ‘एनक्यूएएस’ हे राष्ट्रीय गुणवत्ता प्रमाणपत्र ८ बाबी तपासून दिले जाते. त्यात रुग्णांचे हक्क आणि जंतुसंसर्ग नियंत्रणही येते. प्रमाणपत्र मिळालेला दवाखाना ते दर्शनी भागात लावतो.

प्रमाणपत्र असो वा नसो, गावकऱ्यांनी स्वतः पाहायच्या गोष्टी :

१. सिस्टर, डॉक्टर रुग्णाला हात लावण्याआधी हात धुतात का? बेसिनला पाणी आणि साबण आहे का?
२. सुई नवीन पाकिटातून, तुमच्यासमोर काढली का?
३. औषध देण्याआधी रुग्णाचे पूर्ण नाव विचारले का? एकाच गावात एकाच नावाच्या दोन-तीन बाया असतात.
४. आग विझवण्याचे सिलिंडर आहे का, त्यावरची तारीख उलटली आहे का?
५. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा मोकळा आहे, की त्यासमोर पलंग आणि खोकी रचली आहेत?
६. सर्पदंशाची लस, ऑक्सिजन शिल्लक आहे का? रात्री कोण हजर असते, त्याचा फलक आहे का?
७. बाळंतिणीला निदान दोन दिवस ठेवून घेतात का? बाळंतपणानंतरचे पहिले काही तास आणि दिवस सर्वांत जोखमीचे असतात. घरच्यांनीही ‘धान कापणी आहे, सुटी द्या’ म्हणून घाई करू नये.

प्रश्न कुठे मांडायचा?

प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते आणि उपकेंद्राच्या आरोग्यवर्धिनी पातळीवर जन आरोग्य समिती. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. या समित्यांत गावचे लोकप्रतिनिधी असतात. त्यांची बैठक कधी झाली, काय ठरले हे ग्रामसभेत विचारता येते.

महाराष्ट्रात २००७ पासून ‘लोकाधारित देखरेख’ हा प्रयोग पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाला. गावकरी स्वतः दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरत, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचत. औषध नाही, पाणी नाही, बाहेरची चिठ्ठी लिहून देतात अशा तक्रारी लेखी पुढे आल्या आणि अनेक ठिकाणी सुधारणाही झाल्या. तक्रारीसोबत चांगल्या कामाचीही नोंद होत असे. ज्या सिस्टरने रात्री दोन वाजता बाळंतपण सुखरूप केले तिचे नाव ग्रामसभेत घेतले, तर पुढच्या वेळी लोक आणि कर्मचारी एकमेकांशी मोकळे बोलतात.

१५ ऑगस्टच्या किंवा येत्या कोणत्याही ग्रामसभेत चार साधे प्रश्न विचारता येतील. आपल्या दवाखान्याची अग्निसुरक्षा तपासणी कधी झाली? आगीची रंगीत तालीम कधी झाली? सर्पदंशाच्या लसीचा आज साठा किती? गेल्या वर्षात आपल्या भागातून भंडाऱ्याला पाठवलेल्या बाळांपैकी किती सुखरूप घरी आली? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि पुढच्या ग्रामसभेत तीच पुन्हा वाचावीत.

भंडाऱ्यात गेलेल्या १० बाळांच्या आई-बापांना त्यांची बाळे परत मिळणार नाहीत. जिल्ह्यातल्या प्रत्येक कक्षातला दुसरा दरवाजा आज रात्री उघडतो की नाही, हे मात्र आज जाऊन पाहता येते.

कामाचे क्रमांक : रुग्णवाहिका १०८ | गरोदर माता व बाळांसाठी वाहन १०२ | आरोग्य सल्ला १०४ | औषधाचा त्रास कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४